आखणीनंतरची टिचकी

आमच्या कारखान्यात दोन नियम आहेत. आखणी चालू असताना आखणाऱ्याशी बोलायचं नाही, हा पहिला. आखणी झाल्यावर मूर्तीला टिचकी मारायची नाही, हा दुसरा. पहिला नियम मी लग्न होऊन आल्यापासून मोडत आलेय. आखणारे म्हणजे आमचेच हे, आणि यांच्याशी बोलायला मला दुसरी वेळ मिळायची कधी? दुसरा नियम मोडायची मात्र माझी छाती झाली नव्हती.

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. पेणच्या आसपास आता बाकी सगळं यंत्रावर गेलंय. साचे छापून येतात, माती यंत्र मळतं, रंगाचे फवारे आपापले फिरतात. मूर्ती साच्यातून निघून वाळली की आम्ही तिच्या पाठीवर, पोटावर बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजली तर अखंड आहे. बद्द वाजली तर आत तडा आहे, मग ती भिजवून परत माती करायची. पण एकदा डोळे उघडले की तो देव झाला, आणि देवाला टिचकी कोण मारणार? म्हणून आधी टिचकी, मग रंग, सगळ्यात शेवटी डोळे. डोळे झाले म्हणजे मूर्ती पास, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

आमचे हे म्हणजे भालचंद्र घरत. तालुका यांना भालादादा म्हणतो. यांनी आखलेल्या मूर्तीसमोर कुठेही उभे राहा, देव तुमच्याकडेच बघतो. मध्यंतरी शेजारच्या गावात एकाने डोळे काढणारा यांत्रिक हात आणला होता. त्याच्या मूर्ती बघून लोक म्हणाले, देव आधार कार्डाच्या फोटोला बसलाय. तो हात हल्ली पितांबराची किनार रंगवतो.

अशा माणसाने एका सकाळी ब्रश थांबवून मला हाक मारली. "हेमा, देवाच्या गालावर माशी बसलीय, हाकल गं."

मी पदर हलवला. माशी नव्हती.

"आता सोंडेवर गेली," हे म्हणाले. सोंडेवरही काही नव्हतं.

साखर यांना चाळिशीपासून होती. सासूबाईंनाही होती, त्यामुळे घरात तिचं कुणाला अप्रूप नव्हतं. भात वाटीने, आंबा फोडीने, चहा बिनसाखरेचा, आणि हे सगळं माझ्या पहाऱ्यात, कारण माझी पाठ वळली की हे कोपऱ्यावरच्या टपरीवर. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय, यांना दिसते ती माशी म्हणजे तेच. लेझर झालं. मग डोळ्यात सुया. सुई बघून हा सहा फुटी गडी खुर्चीतच गळपटला आणि परिचारिकेने माझ्याकडेच रागाने पाहिलं, जणू मी यांना मारूनमुटकून आणलं होतं.

"गेलं ते येणार नाही. उरलंय ते राखायचं बघू," डॉक्टर म्हणाले.

राखायचं कसं, ते आमची लेक शोधत होती. ऋजुता, आमची एकुलती एक. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिचा गट कितीतरी वर्षं टाकळ्याच्या मागे लागला होता.

"टाकळा? गटाराच्या कडेला माजतो तो?" मी बोंबील तळत होते, ती ओट्यावर चढून बसली होती.

"तोच. त्याच्या बियांमधलं एक रसायन." तिने माझ्या शेगडीकडे बोट दाखवलं. एक बर्नर खराब झाला होता, ज्योत पिवळी येत होती आणि कढईला काजळी धरत होती. "हे बघ. गॅस जास्त, हवा कमी, की जळणं बिघडतं. पेशीतही अशा बारीक शेगड्या असतात, साखर जाळून ताकद काढणाऱ्या. डोळ्याच्या पडद्यातल्या तर डोळे मिटले तरी विझत नाहीत. रक्तात साखर भरमसाट झाली की त्यांचं जळण बिघडतं आणि ठिणग्या उडतात. ऑक्सिजनच्याच ठिणग्या. त्या पेशी भाजून काढतात, बारीक रक्तवाहिन्यांना गळती लावतात. बाबाची माशी ती तिथली."

"मग पाणी मारा की."

"तेच करून बघितलं लोकांनी, बाहेरून पाणी मारून. पुरत नाही. पण पेशीकडे स्वतःचा बंब असतो, आई. फक्त तो कडी लावून ठेवलेला असतो. टाकळ्यातलं हे रसायन ती कडी काढतं. बंब त्यांचाच, विझवणारे तेच, आपण नुसतं दार उघडायचं."

"म्हणजे उद्यापासून रोज टाकळ्याची भाजी?"

"भाजी खा, चांगलीच असते. पण त्यातलं डोळ्यापर्यंत काही पोचत नाही. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये एक भिंत असते, ती कुणालाही आत सोडत नाही. आम्ही ते रसायन तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळतो, तेव्हा कुठे आत जातं."

हे तिने गावभर सांगितलं, तरी त्या वर्षी गावाच्या वेशीपर्यंत टाकळा औषधाला उरला नाही. शेजारची निमा, आमच्याच कारखान्यात कामाला येते, ती तर तो वाळवून पीठ करून ठेवायला लागली होती.

गोळी बाजारात आली. हिरवट, लांबोडकी, रोज एक. कागदावर तिचं नाव भलं मोठं होतं, लोक म्हणायचे टाकळ्याची गोळी. यांनी सुरू केली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माशी होती तिथेच राहिली. तिला पिल्लं झाली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सुया बंद झाल्या. यांनी त्या हंगामात असे डोळे काढले की उरणच्या एका मंडळाचे लोक मूर्ती न्यायला आले ते बराच वेळ नुसते बघतच बसले. मी लेकीला फोन करून चक्क रडले. मी सहसा रडत नाही, मला तेवढा वेळ नसतो.

आता आरशाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. औषधाच्या दुकानात, एसटी स्टँडवर, पोस्टात तुम्ही बघितलाच असेल. हनुवटी टेकवायची, आत बघायचं, की यंत्र डोळ्याच्या पडद्याचं चित्र काढतं. ऋजुताने मला समजावलं होतं की सगळ्या शरीरात कापल्याशिवाय उघड्या रक्तवाहिन्या दिसतात अशी जागा तेवढी एकच. साखर तिथल्या वाहिन्यांना जे करते तेच मूत्रपिंडाला करते, तेच हृदयाला. म्हणून यंत्राला लाखो डोळे दाखवून शिकवलं, आणि ते डोळ्यावरून अख्ख्या माणसाचं सांगायला लागलं. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे दवाखाना. ना सुई, ना रक्त, ना लघवीची बाटली हातात धरून रांगेत लाजणं. लोकांना आवडला. सरकारलाही आवडला. आमच्या आरोग्य केंद्रातली साखरवाल्यांची रक्त-लघवी तपासणी बंद झाली आणि त्या खोलीत खुर्च्या रचून ठेवल्या.

यांचा आरसा हिरवा. दर वेळी हिरवा.

आणि इथे माझं राज्य गेलं. इतकी वर्षं घरात काय शिजेल, कुणाच्या ताटात किती पडेल, हे मी ठरवत होते. आता हे दुसऱ्यांदा भात घ्यायचे, मी डोळे वटारले की म्हणायचे, "मला नको विचारू. आरशाला विचार." टपरीवरचा चहा उघड सुरू झाला. आमरसाची वाटी माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, बोट फिरवून चाटली. मी अबोला धरला. पण आखणाऱ्याशी अबोला धरून फायदा काय, त्यांना तर शांतताच हवी असते.

वर्षभरात मला एकेक दिसायला लागलं. यांच्या चपलेचा अंगठा घट्ट व्हायला लागला, संध्याकाळी पायावर पट्ट्याचा वळ उमटायचा. लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना. माळ्यावरून साचे काढताना धाप लागायची. मासळीला चव नाही म्हणून माझ्यावर डाफरायचे, आणि माझ्या हातच्या मासळीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

"दिवसभर उभा असतो, पाय सुजणारच," हे म्हणायचे.

ऋजुताला सांगितलं, तर ती फोनवर म्हणाली, "आई, बाबाच्या पडद्याचं चित्र मी स्वतः मागवून बघितलं. तरुण माणसाचा वाटतो इतका छान आहे. तू उगीच घोर लावून घेऊ नकोस."

माझा घोर काही गेला नाही. पण एकीकडे डॉक्टरी यंत्र, एकीकडे शिकलेली लेक आणि मधे मी. मूग गिळून गप्प बसले.

मग तो हंगाम आला. मागण्या तुंबल्या होत्या. अलिबागच्या मंडळाची मोठी मूर्ती न्यायला गाडी दारात लागली. मूर्तीचे डोळे यांनी आठवड्यापूर्वीच केले होते. चौघांनी "मोरया" म्हणत उचलली, आणि उंबऱ्याशी देवाचा वरदहस्त खांद्यापासून सुटून खाली पडला. मागोमाग अर्धं पोट ढासळलं. मंडळाचे लोक चपला काढून तसेच उभे राहिले.

आत जुना तडा होता. मूर्ती ओली असतानाचाच, चांगला हातभर. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. वाळवणाऱ्यांना वाटलं रंगवाल्यांनी टिचकी मारली असेल, रंगवाल्यांना वाटलं वाळवणाऱ्यांनी. घाईत ती मूर्ती तशीच यांच्यापुढे आली आणि यांनी डोळे काढले. डोळे काढल्यावर ती आमच्यापुढे आठवडाभर उभी होती, तिच्यापुढून सगळे हात जोडून गेले, पण तपासायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऋजुता सुट्टीला घरी आली. मागच्या अंगणात ते तुकडे भिजत घातले होते. मी तिला सगळं सांगितलं आणि वैतागून म्हणाले, "डोळे इतके सुरेख झाले होते गं, म्हणून कुणी आत बघितलंच नाही."

ती वाकून तडा बघत होती. तशीच राहिली. मग उभी राहिली ती थेट आत गेली. हे जेवायला बसले होते. तिने यांच्या पायाशी बसून नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला तो पडलेलाच राहिला.

"आई," ती म्हणाली, "आरसा डोळ्यातल्या वाहिन्या बघतो आणि त्यावरून मूत्रपिंडाचा अंदाज करतो. आमची गोळी काय करते? डोळ्यातल्या वाहिन्या राखते. फक्त डोळ्यातल्या. ते थेंब आम्ही मुद्दाम तसे बनवलेत, बाकी शरीराला त्रास नको म्हणून." तिने अंगठा परत त्या खळग्यावर ठेवला. "म्हणजे ही गोळी घेणाऱ्याचा आरसा हिरवाच येणार, खाली काहीही चाललेलं असो. आम्ही देवाचे डोळे आधी काढले, आई. आणि मी या घरातली असून टिचकी मारली नाही."

"पण तुमच्या चाचण्यांमध्ये दिसलं नाही का?"

"चाचण्यांत सगळ्यांचं रक्त-लघवी तपासत होतो, साखर ताब्यात ठेवत होतो. ते सगळे ठणठणीत राहिले. बाहेर आल्यावर ते तपासणं बंद झालं आणि लोक आमरसावर तुटून पडले. गोळीवाले वेगळे, आरसावाले वेगळे. दोघांनी एकमेकांशी बोलावं असं कुणाला वाटलंच नाही."

हे जेवायचे थांबले होते. हातातला घास यांनी ताटात परत ठेवला.

पनवेलला मूत्रपिंडाच्या डॉक्टर शिरगावकर बाई आहेत. गोड बोलून वेळ काढणं त्यांच्या स्वभावात नाही. लघवीच्या बाटलीतला फेस बघूनच त्यांचा चेहरा उतरला. रक्ताचा निकाल आल्यावर म्हणाल्या, "मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. उरलेली टिकवता येतील. पथ्य, औषधं, साखर मुठीत, तर बरीच वर्षं. पण एक अडचण आहे. ही टाकळ्याची गोळी शरीरातून बाहेर पडते ती मूत्रपिंडातूनच. ती आता नीट बाहेर जात नाही, साठतेय. थोडी असते तेव्हा ठिणग्या विझवते, साठली की तीच ठिणग्या पाडते. आज बंद करायला हवी."

"आणि डोळे?" यांनी विचारलं.

"डोळ्यांना मग तुमच्या साखरेचाच भरवसा. काही वर्षं चांगले राहतील, किंवा नाही राहणार. मी खोटं सांगणार नाही."

"आणि नाही बंद केली तर?"

"तर डोळे छान राहतील. वर्ष-दोन वर्षांत डायलिसिसच्या खुर्चीत बसून तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसेल."

घरी आल्यावर म्हणाले, "पथ्य करीन. गोळी सोडणार नाही."

मी समजावलं, भांडले, लेकीने हात जोडले. हे ऐकेनात. "डोळ्यांशिवाय मी कोण आहे, सांग ना. माती मळायला यंत्र आहे, रंगवायला यंत्र आहे. मी आंधळा होऊन कोपऱ्यात बसू आणि तुम्ही मला जेवायला वाढा?" गोळ्यांची डबी मी कपाटातून उचलली, तर यांनी दुसरी आणून ब्रशांच्या बरणीत लपवली. वीतभर उंचीच्या बरणीत, आणि ती रोज धुणारी मी. लपवायची अक्कल यांना कधीच नव्हती.

ती डबी हातात घेऊन मी कारखान्यात गेले. भर दुपार होती, सगळे कामावर होते. आखणी झालेल्या मूर्ती फळ्यांवर ओळीने मांडल्या होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत. यांनी काढलेल्या डोळ्यांचं असंच असतं, त्यांच्यासमोर चोरी करता येत नाही.

मी पहिल्या मूर्तीला नमस्कार केला आणि तिच्या पोटावर टिचकी मारली.

सगळे हात थांबले. निमाने तोंडावर पदर धरला. हे स्टुलावरून उठले. "हेमा. देव आहे तो."

"देव आहे म्हणूनच बघते. मांडवात हात तुटून पडला तर कुणाचा देव?" मी पुढच्या मूर्तीला टिचकी मारली. खणखणीत. पुढची. खणखणीत. मधल्या फळीवर गुलाबी पितांबराची एक देखणी मूर्ती होती. मी टिचकी मारली आणि ती बद्द वाजली.

यांनी स्वतः पुढे येऊन परत मारली. बद्दच.

"किती सुंदर डोळे आहेत हिचे," मी म्हणाले. "तुमच्यासारखेच. आणि आत हातभर तडा. मला तुमचे डोळे नकोत हो. मला तुम्ही हवेत. भांडायला, डाफरायला, चोरून चहा प्यायला, पण हवेत. कोपऱ्यात बसलात तर कोपऱ्यात येऊन भांडेन. तुम्ही कोण आहात ते मला विचारता? मी तुमच्या डोळ्यांशी लग्न केलेलं नाही."

सगळ्या कारखान्यासमोर असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. नंतर मला लाज वाटली, तेव्हा नाही वाटली.

यांनी माझ्या हातातली डबी घेतली. मग भिजत घातलेल्या मातीच्या हौदाशी गेले आणि सगळ्या गोळ्या त्यात ओतल्या. मी ओरडले, कारण त्या मातीचे गणपती करायचे होते, औषधाचे नव्हे. पण यांनी ऐकलं नाही, आणि मीही मग हौदाशी बसून एकेक गोळी वेचली.

ऋजुताची लढाई वेगळीच होती. तिने वरिष्ठांना सांगितलं, तर ते म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, त्यातही तो तुझा बाप. गोळी पुढच्या महिन्यात आणखी जिल्ह्यांत जाणार आहे, आत्ता घबराट नको. अजून रुग्ण दाखव, मग बघू.

ती रडवेली होऊन फोनवर बोलत होती. यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "किती पाहिजेत? रुग्ण गं. इथे निम्मा गाव टाकळ्याची गोळी खातोय, आणि सगळ्यांचा आरसा हिरवा आहे."

यांनी मनावर घेतलं म्हणजे घेतलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना गळ घालून ती बंद खोली उघडून घेतली, खुर्च्या स्वतः उचलून बाहेर ठेवल्या. मग झाकणाच्या बाटल्यांची पेटी घेऊन दारोदार. ज्या भालादादासमोर लोक मान खाली घालून उभे राहायचे, तो अंगणात उभा राहून ओरडतोय, "सकाळची पहिली, आणि लाजू नका, मी पण भरलीय." पुरुष पळायचे. एक शिक्षक तर यांना बघून मागच्या दाराने शेतात गेले, हे शेतापर्यंत गेले. निमाने टाकळ्याच्या पिठाचा डबा आणून दाखवला, म्हणाली, गोळीबरोबर हेही खाते, मला काही होणार नाही. यांनी डबा ठेवून घेतला आणि हातात बाटली दिली.

गोळी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मूत्रपिंडं गळत होती. सगळ्यांचा आरसा हिरवा होता. निमाचं वेळेत लक्षात आलं, पण यांनी ठेवून घेतलेल्या त्या डब्यावरून ती अजून मला ऐकवते. ऋजुताने प्रत्येकाचा आरसा आणि प्रत्येकाची बाटली शेजारी शेजारी ठेवून सगळं गोळीवाल्यांना पाठवलं, आरसावाल्यांना पाठवलं आणि सरकारलाही पाठवलं. वरिष्ठांना विचारून नाही, कळवून. तिची त्या गटातून बदली झाली. ती म्हणाली, होऊ दे. मला माझ्या लेकीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, गोळी निघाली तेव्हाही नाही.

आता आरशाला चौथा दिवा आहे. टाकळ्याची गोळी घेणाऱ्याने हनुवटी टेकवली की पांढरा लागतो. पांढरा म्हणजे, मला माहीत नाही, जाऊन बाटली भरा. गोळी बंद झाली नाही, व्हायलाही नको होती. कितीजणांचे डोळे तिने राखलेत. फक्त मूत्रपिंड तपासल्याशिवाय दुकानदार ती हातावर ठेवत नाही. ऋजुता म्हणते, यंत्राला हे एक वाक्य शिकवायला सगळ्यात जास्त भांडावं लागलं.

यांनी पथ्य पाळलं. कसं, ते विचारू नका, माझ्या डोक्याचे केस त्यात गेले. शिरगावकर बाईंनी मागच्या वेळी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "जैसे थे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरे.

डोळे मात्र जैसे थे राहिले नाहीत. उजव्या डोळ्यात नव्या माश्या आल्या, आणि डाव्यात मधोमध एक धुरकट ठिपका. यांनी लहान मूर्तींची आखणी सोडली. ती आता निमाची सून करते, चांगली करते, पण तिच्यासमोर यांनी अजून तसं म्हटलेलं नाही. मोठ्या मूर्ती हेच करतात. जाड ब्रश, मोठा दिवा, आणि हाताची सवय.

परवा अलिबागचं ते मंडळ परत आलं. त्या पडलेल्या मूर्तीनंतर दोन वर्षं फिरकले नव्हते. यांनी दिवसभर त्यांच्या मूर्तीचे डोळे काढले. मी पहिला नियम पाळला, एक शब्द बोलले नाही. शेवटी यांनी ब्रश बरणीत ठेवला आणि मागे सरून बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. मला कळलं, यांना दिसत नव्हतं.

"हेमा," हे म्हणाले, "तिकडे दाराशी उभी राहा. बघतोय का तुझ्याकडे?"

मी दाराशी गेले. "बघतोय."

"खिडकीशी?"

मी खिडकीशी गेले. देवाची नजर माझ्याबरोबर आली होती. "बघतोय हो. पूर्वीसारखाच."

"मग राहिलंय काय?" हे म्हणाले.

मी मूर्तीजवळ गेले, नमस्कार केला आणि पोटावर टिचकी मारली. खणखणीत वाजली. मंडळाचे लोक दचकले, पण कारखान्यातल्या कुणी मान वर केली नाही. आता तो आमचा नियमच आहे.

"पास," हे म्हणाले आणि स्टुलावरून उठायला लागले.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं. "बाटली न्हाणीघरात ठेवलीय."